आपल्या नोट्स मोकळ्या करायच्या का? सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकांसाठी धागा

खडू_फळा

आमच्या विभागात एकच पेपर चौघे जण चार तुकड्यांना शिकवतात. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. पण पीपीटी चार, प्रश्नसंच चार, आणि तीच ती आकृती चौघांनी चार ठिकाणांहून शोधून चिकटवलेली. दुसऱ्या कुठल्याही सरकारी कॉलेजात डोकावलं तर हेच दिसेल. पगार सगळ्यांचा सार्वजनिक पैशातून होतो. मग त्या पगारात तयार झालेलं साहित्य एकमेकांना आणि पुढे कोणालाही मोकळेपणाने वापरू द्यायला हरकत काय?

मी आपला उत्साहाने एक सामायिक फोल्डर उघडला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. आज त्या फोल्डरात फक्त माझ्याच फाइली आहेत. उघडून बघणाऱ्यांची यादी मात्र भरगच्च.

मला नुसतं 'सर, ती फाइल टाका ना' अभिप्रेत नाही. मुक्त शैक्षणिक साधनं, ज्यांना सगळे ओईआर म्हणतात, त्याबद्दल बोलतोय: वापरा, बदला, पुढे वाटा अशी लेखी परवानगी आधीच दिलेलं साहित्य. कल्पना काही कालची नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम खुले करायचं २००१ साली जाहीर केलं. ओईआर हे नाव युनेस्कोच्या २००२ मधल्या पॅरिसच्या बैठकीत पडलं आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे तयार परवाने त्याच वर्षाच्या शेवटी आले. आपण अजून पेनड्राइव्हवर.

तर सांगा, लोक देत का नाहीत? आणि द्यायचं ठरलंच तर सुरुवात कशापासून करावी?

रिकामा_तास

रुमाल टाकून ठेवतो. पेपरांचा गठ्ठा संपला की सविस्तर लिहितो.

अर्धविराम

कंजूषपणा नाही हो, लाज वाटते.

माझ्या स्लाइड्स माझ्यापुरत्या असतात. एका स्लाइडवर मोठ्या अक्षरात नुसतं 'इथे घड्याळाचा किस्सा' एवढंच आहे. एकीवर गणिताची तिसरी पायरी मुद्दाम चुकवली आहे, वर्ग जागा आहे की झोपलाय ते कळावं म्हणून. हे दुसऱ्याच्या हाती गेलं तर तो म्हणणार, या बाईंना एवढंही येत नाही? वर्गात मी समोर उभी असते, सावरून घेते. फाइलसोबत मी जात नाही ना.

आणि खरं सांगू का, वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीत बसूनसुद्धा आम्ही एकमेकांचा तास कधी ऐकलेला नाही. शिकवण्याबद्दल बोलणं होतं ते वेळापत्रकावरून भांडताना. अशा ठिकाणी एकदम 'तुमच्या नोट्स जगाला द्या' म्हटलं तर माणूस दचकणारच.

गणोबा

असहमत. लाजबिज काही नाही, अनुभव आहे. मी रेषीय बीजगणिताच्या नोट्स एका सहकाऱ्याला विश्वासाने दिल्या. पुढच्या सत्रात त्याच नोट्स स्पायरल बाइंडिंग होऊन, मुखपृष्ठावर त्यांचं नाव झळकवत विद्यार्थ्यांच्या हातात. आतल्या एका उदाहरणात मी माझ्या मुलीचं नाव वापरलं होतं, तेही तसंच! बदललं होतं फक्त पहिलं पान. तेव्हापासून मी छापील प्रत देतो, तीही कोणी दोनदा मागितली तरच.

रिकामा_तास

मुलीचं नाव राहिलं ना, म्हणजे वारसाहक्क शाबूत. 😄

ग्रंथपाल_बाई

गणोबा सर, वाईट झालं. पण याचं उत्तर नोट्स दडवणं नव्हे. तुम्ही लिहिलंत त्याच क्षणी त्यावर तुमचा कॉपीराइट आला, नोंदणी लागत नाही. मुक्त परवाना लावणं म्हणजे तो हक्क सोडून देणं असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो काढून टाका. सीसी बाय, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा सगळ्यात मोकळा परवाना घेतला तरी त्यात श्रेय देणं ही अटच आहे. श्रेय गाळलं की परवाना आपोआप रद्द. ४.० आवृत्तीत एवढीच सवलत आहे की चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो पुन्हा लागू होतो.

एक व्यावहारिक गोष्ट: नाव फक्त मुखपृष्ठावर टाकू नका, तेच पहिलं फाडलं जातं. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असू द्या. साहित्याचं नाव, तुमचं नाव, मूळ प्रत कुठे आहे त्याचा दुवा, आणि परवाना.

गणोबा

कागदावर सगळं ठीक आहे हो बाई. पण सहकाऱ्यावर दावा कोण ठोकणार? रोज समोरच्या टेबलावर बसायचंय.

ग्रंथपाल_बाई

दावा कशाला? तुमची प्रत तारखेनिशी, नावानिशी सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी पडलेली असली की काम झालं. मग त्यांच्या बाइंडिंगवर कोणाचंही नाव असो, एखादा विद्यार्थी दोन वाक्यं शोधपेटीत टाकेल आणि खरा मालक कळेल. तुमच्या प्रकरणात मूळ प्रत कोणी पाहिलेलीच नव्हती, म्हणून पचलं.

मागचा_बाक

मी विद्यार्थी, बोलू का? तुम्ही सगळे 'द्याव्यात की नाही' म्हणताय, पण आमच्या ग्रुपवर विभागातल्या सगळ्यांच्या नोट्स कधीच्या फिरतायत. सीनियरांनी दिलेल्या. कोणाच्या नोट्स कोणत्या युनिटला चांगल्या याची क्रमवारीसुद्धा आहे.

रिकामा_तास

क्रमवारी इथे टाका की.

मागचा_बाक

सर, अंतर्गत गुण अजून लागायचेत.

खडू_फळा

हसून हसून पुरेवाट! पण मागचा_बाक यांनी वर्मावर बोट ठेवलंय. म्हणजे साहित्य फिरतंच आहे. फक्त कोणाचं ते माहीत नाही, जुनं की नवं ते माहीत नाही, आणि चूक सापडली तर कोणाला कळवायचं तेही माहीत नाही.

सूक्ष्मदर्शी

सुरुवात कशापासून, याआधी एक अडचण. माझ्या स्लाइड्समधली निम्मी चित्रं माझी नाहीतच. ही प्रकाशकाच्या पुस्तकातून स्कॅन केलेली, ती कुठल्या तरी संकेतस्थळावरून उचललेली. वर्गात दाखवणं वेगळं, पण मुक्त परवाना लावून जगापुढे ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपली मोहर मारणं. जे माझं नाही त्यावर मी परवाना देणार कसा?

म्हणून मी उत्सर्जन संस्थेचा धडा साफ करायला घेतला. नेफ्रॉनची आकृती पुस्तकातली होती, ती काढली. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहात मुक्त परवान्याची एक मिळाली, एसव्हीजी प्रकारातली. हा प्रकार फार कामाचा आहे, कारण त्यात नावं सहसा चित्रात मुरलेली नसतात, वेगळी अक्षरं असतात. इंकस्केप या चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली, इंग्रजी नाव खोडलं, तिथे 'बोमनची संपुटिका' टाइप केलं. बाण आपल्या जागी, रंग आपल्या जागी. हेन्लेच्या वळणाच्या दोन बाजू मुलांना कायम उलटसुलट वाटतात, म्हणून उतरती बाजू निळी नि चढती केशरी केली आणि पाणी कुठे बाहेर पडतं, क्षार कुठे, ते बाणांनी दाखवलं. खाली मूळ चित्रकाराचं नाव, परवाना, आणि 'नावं मराठीत केली, रंग बदलले' अशी ओळ. बदल केला असेल तर तसं सांगावं लागतं, हे अनेकांना माहीत नसतं.

एका धड्यालाच दोन संध्याकाळी गेल्या. पण आता तो धडा माझ्या नावावर बिनधास्त कोणालाही देता येतो. ओपनस्टॅक्सच्या शरीररचनेच्या पुस्तकातल्या आकृत्याही श्रेय देऊन घेता येतात, तिथेही बघा. राइस विद्यापीठाचा प्रकल्प आहे, २०१२ पासून पुस्तकं काढतायत.

अर्धविराम

सूक्ष्मदर्शी, ती आकृती इथे द्याल का? माझा विषय वेगळा, पण भाचीला दाखवायचीय.

सूक्ष्मदर्शी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

रिकामा_तास

मुक्त साधनांच्या धाग्यावर व्यनि! निषेध!

सूक्ष्मदर्शी

बरं बाबा. आज रात्री कॉमन्सवर चढवते, मग सगळ्यांसाठी दुवा देते.

चौकट_राजा

मी द्यायला तयार आहे, पण एक अट. खासगी क्लासवाल्यांनी माझ्या नोट्स छापून विकू नयेत. म्हणजे सीसी बाय-एनसी लावला की काम झालं ना? व्यावसायिक वापर बंद.

ग्रंथपाल_बाई

लावू शकता, हक्क तुमचा. पण एनसी लावण्याआधी पुढचं बघून ठेवा.

एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांवर सीसी बाय-एनसी-एसए आहे. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए आहे. एसए म्हणजे यातून नवीन काही बनवलंत तर तेही याच परवान्याखाली द्या. आता दोन्हीकडचे उतारे एकजीव करून तुम्ही एक धडा लिहिलात, तर तो कोणत्या परवान्याखाली देणार? एक म्हणतो एनसी हवंच, दुसरा म्हणतो एनसी चालणार नाही. धडा अडकला. दोन्ही शेजारी शेजारी, आपापल्या परवान्यासकट ठेवायला हरकत नाही. पण एकात एक विणता येत नाहीत.

ओपनस्टॅक्समध्येही हा खेळ आहे. बरीच पुस्तकं सीसी बाय, पण कॅल्क्युलससारखी काही बाय-एनसी-एसए. म्हणून प्रकल्पाचं नाव बघून भागत नाही, प्रत्येक पुस्तकाचं पान बघावं लागतं.

गणोबा

आणि झेरॉक्सवाला? तो पानामागे पैसे घेतो. मुलाने माझ्या एनसी नोट्स त्याच्याकडे नेल्या तर तो व्यावसायिक वापर की नाही?

ग्रंथपाल_बाई

प्रश्न एकदम नेमका, आणि यावर खटला झालेला आहे. अमेरिकेत ग्रेट माइंड्स नावाच्या संस्थेचं गणिताचं साहित्य बाय-एनसी-एसए परवान्याखाली होतं. शाळांनी ते फेडेक्स ऑफिसच्या दुकानांत पैसे देऊन छापून घेतलं. संस्था म्हणाली, दुकान नफा कमावतंय, परवाना मोडला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: वापर शाळेचा आहे, तो अव्यावसायिक आहे, आणि शाळा ते काम दुसऱ्याच्या हातून करून घेऊ शकते. पुढच्या वर्षी ऑफिस डेपो या दुसऱ्या दुकानसाखळीच्या खटल्यातही वेगळ्या अपील न्यायालयाने हेच धरलं. अर्थात हे तिथले निकाल. दुसऱ्या देशातलं न्यायालय तसंच म्हणेल असं नाही.

गणोबा

वाचनखूण साठवली. बाई, तुम्ही ग्रंथालयात आहात की बार कौन्सिलात?

चौकट_राजा

ठीक आहे. मग एनडी लावतो. कोणी बदलच करायचा नाही. माझं लिखाण जसंच्या तसं राहील.

लंबक

मग ते ओईआर कसलं? ओईआरवर काम करणारे डेव्हिड वायली यांची व्याख्या बहुतेक सगळे मानतात. साहित्य मोकळं म्हणायचं तर पाच गोष्टी करता यायला हव्यात: जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्यात मिसळणं, पुढे वाटणं. एनडीमध्ये बदललेली प्रत वाटता येत नाही, म्हणजे मधल्या दोन गेल्या. माझ्या वर्गाला तुमच्या नोट्समधलं दुसरं प्रकरण आधी हवं असेल, तिसऱ्यातली दोन उदाहरणं नको असतील, तर मी काय करायचं? नुसतं वाचायचंच असेल तर ग्रंथालयात पुस्तकं आहेतच.

जाता जाता, यातलं 'जवळ ठेवणं' वायलींनी २०१४ मध्ये मागाहून घातलं. सत्र संपलं की पासवर्ड बंद होणारी ई-पुस्तकं बघून. आमच्याकडे एका वर्गणीच्या संचाचं असंच झालं. पुरवणी परीक्षेच्या तोंडावर सगळं गायब.

टाचणी

एवढा वेळ वाचत होते. आता जरा टोचते.

'पगार सार्वजनिक पैशातून' असं धागाकर्त्यांनी सुरुवातीलाच लिहिलंय. कोणाचा पगार? मी कंत्राटावर आहे. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य. नोट्स मी घरी काढते, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या विजेवर. पुढच्या वर्षी कंत्राट मिळेल की नाही ते कोणी सांगत नाही. ज्या कॉलेजात मुलाखतीला जाईन तिथे दाखवायला माझ्याकडे या नोट्सशिवाय दुसरं काय आहे? त्या मोकळ्या केल्या, उद्या मला काढलं, आणि माझ्या जागी येणारा माझ्याच नोट्सवर शिकवायला लागला, तर?

कायम नोकरीवाल्यांना दान करणं सोपं आहे. विभागात असलं 'सामूहिक' काम निघालं की ते कोणाच्या गळ्यात पडतं तेही सगळ्यांना माहीत आहे. टायपिंग आम्ही करायचं, संपादक म्हणून नाव विभागप्रमुखांचं.

अर्धविराम

टाचणी, +१. कायम असूनही म्हणते.

चौकट_राजा

टाचणीताई, बाकी सगळं पटलं, पण तुमच्या जागी येणारा काहीतरी वापरून शिकवणारच. तुमच्या नावाचं वापरलं तर तुमचं नाव तरी राहील.

टाचणी

नावाने वीजबिल भरलं जात नाही, राजे.

खडू_फळा

टाचणी, पगाराचं वाक्य मी कायम नोकरीतल्यांपुरतंच धरायला हवं, हे मान्य. तुमच्यावर हे लादायचा कोणालाच हक्क नाही.

लादणं सोडा, काही ठिकाणी यासाठी रीतसर पैसे देतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ मध्ये मुक्त पाठ्यपुस्तकांचा प्रकल्प जाहीर केला. सगळ्यात जास्त विद्यार्थी असलेले ४० विषय निवडले. काम तिथल्या बीसीकॅम्पस या संस्थेकडे दिलं. त्यांनी सगळं नव्याने लिहीत बसण्याऐवजी आधी असलेली पुस्तकं गोळा केली, प्राध्यापकांकडून मानधन देऊन तपासून घेतली, आणि जिथे गरज होती तिथेच बदल करून घेतले. काम म्हणून मोजलं तर लोक करतात.

रिकामा_तास

गठ्ठा संपला. आता माझं सविस्तर.

पैसे नाहीत, मान्य. पण पदोन्नतीच्या फॉर्मवर तरी एक रकाना हवा. कोणीच वाचणार नाही अशा नियतकालिकात चार पानं छापली की गुण मिळतात. दुसऱ्या दहा कॉलेजांत वापरली जाणारी प्रश्नपेढी केली की शून्य. जोवर हे असं आहे तोवर शहाणा माणूस चार पानंच लिहिणार. मीसुद्धा लिहितोय, आत्ता, या क्षणी, दुसऱ्या टॅबमध्ये.

जुना_जाणता

आम्ही आमच्या वेळी हाताने सायक्लोस्टाइल करून वाटत होतो. परवाना नाही, एनसी नाही. तुमच्या पिढीने देण्याघेण्याचाही कायदा करून ठेवलाय.

आणि आता एआय आलंय. प्रश्न विचारला की नोट्स तयार. कशाला हा सगळा खटाटोप?

लंबक

जाणते सर, सायक्लोस्टाइलच्या प्रती तुमच्या वर्गाच्या बाहेर जात नव्हत्या, म्हणून कायदा आठवला नाही.

एआयचं म्हणाल तर मी वापरून बघितलं. घर्षणाच्या एका उदाहरणात उताराचा कोन एका ओळीत ३० अंश आणि पुढच्या ओळीत ६०. भाषा मात्र इतकी ठाम की मुलं वहीत उतरवून मोकळी. तपासणं आलंच. आणि एकाने तपासलेलं बाकीच्यांना मिळालं तर ते सगळ्यांना पुन्हा तपासत बसावं लागणार नाही, हाच तर इथला विषय आहे.

सूक्ष्मदर्शी

दर्जाबद्दल कोणी बोललं नाही. फुकट म्हणजे हलकं, अशी शंका आमच्या विभागात पहिली निघते. २०१६ मध्ये जॉन हिल्टन या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. मुक्त पुस्तकं वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे निकाल साधारण तितकेच, काही ठिकाणी बरे, असा एकूण सूर होता.

गणोबा

त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत शिक्षक वेगळे, तुकड्या वेगळ्या. पुस्तकामुळे फरक पडला की शिकवण्यामुळे, ते सांगणं अवघड. 'नुकसान होत नाही' इतपत मानतो.

सूक्ष्मदर्शी

मला तेवढंच पुरे आहे. पुस्तक न घेताच सत्र काढणारी मुलं माझ्या वर्गात असतात.

मागचा_बाक

हजर.

टंकनिका

सगळे परवान्यावर बोलतायत, मी फाइलीवर बोलते. दहा जणांचं साहित्य एकत्र करून एक संच करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. काय काय आलं ऐका. एकाने छापील नोट्सचे मोबाइलवर फोटो काढून त्यांची पीडीएफ केलेली, दोन पानांवर अंगठा. त्यात शोध चालत नाही, एक अक्षर बदलता येत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ती फाइल कोरी. दुसऱ्याने जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेलं. त्यांच्या संगणकावर सुंदर देवनागरी, माझ्याकडे 'Ö' सारख्या चिन्हांची रांगोळी. तिसऱ्याची समीकरणं सगळी चित्रं. एका ठिकाणी ऋण चिन्ह राहिलं होतं, ते दुरुस्त करायला अख्खं समीकरण पुन्हा लिहावं लागलं.

कायद्याने मोकळं आणि हाताने बंद. परवाना कितीही उदार असो, बदलता येण्याजोगी मूळ फाइल दिली नाहीत तर उपयोग नाही. पीडीएफ द्या, पण सोबत वर्डची किंवा समीकरणं टंकायला वापरतात त्या लेटेकची मूळ फाइलही द्या. मराठी युनिकोडमध्ये. चित्राला दोन ओळींचं वर्णन. आणि फाइलीचं नाव 'युनिट३_नवीन_सुधारित_सरांचे' असं नको. विषय, घटक, वर्ष, बास.

अर्धविराम

दोन पानांवर अंगठा 😂 आमच्याकडे एका पानावर चहाच्या कपाचा गोल आहे.

चौकट_राजा

प्रश्नपेढीचं काय? नोट्स एक वेळ देईन. पण प्रश्न उत्तरांसकट मोकळे केले की परीक्षेला काय उरलं?

लंबक

माझा आवडता विषय. दोन वाटा आहेत.

एक, प्रश्न मोकळे, उत्तरसूची फक्त शिक्षकांना. ओपनस्टॅक्स असंच करतं. पुस्तक कोणीही वाचावं, पण शिक्षकांसाठीची उत्तरं तुम्ही खरंच शिक्षक आहात हे पडताळूनच देतात. अर्थात कधी ना कधी फुटतातच.

दुसरी वाट मला जास्त पटते. प्रश्न असा लिहायचा की उत्तर फुटलं तरी बिघडत नाही. 'लांबी १ मीटर असलेल्या दोलकाचा आवर्तकाल काढा' यात आकडा पक्का असतो. त्याऐवजी लांबी ०.५ ते २ मीटरच्या दरम्यान काहीही, आणि उत्तर सूत्रावरून यंत्र काढेल, असा प्रश्न मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत लिहिता येतो. मग शेजारी बसलेल्या दोन मुलांचे आकडे वेगळे. मायओपनमॅथ या संकेतस्थळावर तर असे बदलत्या आकड्यांचे गणिताचे प्रश्न शिक्षकांनी लिहून ठेवलेत, उचलून वापरायचे. असा प्रश्न उत्तरासकट, सूत्रासकट जगाला देऊन टाका. मुलांनी आधी पाचशे वेळा सोडवला तर चांगलंच आहे, त्यालाच आपण सराव म्हणतो.

हे सिद्धता मागणाऱ्या प्रश्नांना लागू नाही, गणोबा सर हरकत घेण्याआधीच सांगतो.

गणोबा

घेणारच होतो. तरी आकडेमोडीच्या प्रश्नांपुरतं मान्य. आणि यात एक सोय आहे: प्रश्न देताना मला माझं शिकवणं उघडं करावं लागत नाही. पाच प्रश्न दिले, नाव घातलं, संपलं.

अर्धविराम

अगदी! मी वर लाज म्हणाले ती इथे वाटत नाही. किश्श्यांची स्लाइड मी आजही देणार नाही. पण लंबकांचा दोलक पुढच्या सत्रात वापरून, त्यात दोन प्रश्न जोडून परत देईन. कोरा कागद भरण्यापेक्षा दुसऱ्याच्यात भर घालणं सोपं जातं. प्रयोगांचंही तसंच. 'पेट' (PhET) या प्रकल्पाचे भौतिक-रसायनाचे आभासी प्रयोग सीसी बाय आहेत, मराठीतही उघडतात. त्यांच्यासोबत द्यायची एका पानाची कृतिपत्रिका जरी प्रत्येकाने केली तरी खूप झालं.

खडू_फळा

म्हणजे मी फोल्डर उघडून 'टाका' म्हटलं तिथेच गाडं अडलं असावं. अख्ख्या पेपरच्या नोट्स मागितल्यासारखं झालं. पुढच्या बैठकीत प्रत्येकाकडून एका घटकाचे पाच प्रश्न, बस. टंकनिका सांगतात तशी मूळ फाइल, तळाशी नाव आणि सीसी बाय.

टाचणी

मी पाच प्रश्न देईन. पण दोन गोष्टी लेखी हव्यात. यादीत नाव लिहिणाऱ्याचं, विभागाचं नव्हे. आणि 'अमुक यांनी हे साहित्य तयार केलं, ते विभागात वापरलं जातं' असं पत्र, तारखेसह. मुलाखतीला लावता येईल असं.

ग्रंथपाल_बाई

टाचणी म्हणतात ते रास्त आहे, आणि सोबत तिसरी गोष्ट घ्या. नोकरीत असताना केलेल्या साहित्याचा कॉपीराइट कोणाचा, हे कायद्यावर आणि तुमच्या करारावर ठरतं. कित्येक ठिकाणी तो संस्थेचा धरला जातो. संस्थेचा असेल तर तुम्ही सीसी बाय लावूच शकत नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, त्यामुळे आधी विचारा. त्याच पत्रात प्राचार्यांकडून 'लेखकांनी मुक्त परवाना लावण्यास संस्थेची हरकत नाही' ही एक ओळ घालून घ्या.

जुना_जाणता

प्राचार्य म्हणतील, समिती नेमू.

खडू_फळा

मसुदा मीच लिहून नेतो, त्यांनी फक्त सही करायची. कंत्राटी सहकाऱ्यांची नावं वेगळ्या परिच्छेदात नकोत, सगळ्यांची एकाच यादीत, आडनावाच्या क्रमाने. टाचणी, चालेल?

टाचणी

आडनावाच्या क्रमाने चालेल. माझं तसंही 'अ' वरून आहे.

टंकनिका

पत्रात 'सोबत जोडलेले साहित्य' असं लिहू नका, प्रती बदलत राहतील. प्रत्येक संचाचा कायमचा दुवा आणि आवृत्ती क्रमांक घाला. नमुना लागला तर मी आमच्या संचाचं पत्र देते, त्यातली नावं काढून.

सूक्ष्मदर्शी

नेफ्रॉन चढवला. वर्णनात चुकून 'उतरती बाजू केशरी' लिहिलं गेलंय ते आत्ता दुरुस्त करतेय, पाच मिनिटांनी उघडा.